तिघांतला मधला कॅमेरा

मी कॅमेरा बोलतोय. रोल घालून चालणारा, जुन्या वळणाचा. फार बोलायची मला सवय नाही. खटका दाबला की एकदा वाजायचं, एवढंच माझं बोलणं. पण आज गप्प राहिलो तर एका माणसाचा चेहरा कायमचा जाईल.

कारखान्यात घडलो. पितळ, पोलाद आणि काच. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एकाने मला नवाकोरा घेतला. त्याच्या बोटांना कायम वंगण. पण मला उचलण्याआधी तो हात साबणाने धुवायचा, कोरडे करायचा. स्वतःच्या पोरांना उचलतानाही त्याने कधी एवढी काळजी घेतली नसेल.

त्याच्या घरात एक नियम होता. माझ्या डोक्यावर डावीकडे एक छोटी फिरकी आहे. रोल घालून दार लावलं आणि उजवीकडची दांडी ओढली की ती आपोआप फिरते. फिरली, तर रोल नीट बसला. नाही फिरली, तर पोट रिकामं. फिरकीवर नजर ठेवायचं काम त्याच्या मुलीचं. ती टेबलाला हनुवटी टेकून बघायची आणि ओरडायची, "फिरली!" त्याशिवाय तो पहिला फोटो काढायचा नाही.

त्याने सगळ्यांचे फोटो काढले. स्वतःचा एकही नाही. कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, हा त्याचा ताठा. मला तो आवडायचा.

शेवटचा रोल घातला तेव्हा बायकोने मला त्याच्या गळ्यातून काढूनच घेतलं.

"आज तुम्ही उभे राहा समोर."

"तुला जमणार नाही."

"तुमच्या लिफ्टपेक्षा सोपं असेल. मान वर करा. अहो, हसा, मी काही बिल मागत नाहीये!"

तो हसला. हातात पाना तसाच. रोलमधला तो पहिला फोटो. पुढचे सगळे त्याने तिचेच काढले. रोल संपायच्या आत ती आजारी पडली आणि गेली. त्याने मला अर्धवट रोलसकट कपाटात ठेवलं, ते पुन्हा हात लावला नाही.

मग तोही गेला. भिंतीवर लावायला फोटो हवा, तर मिळाला फक्त ओळखपत्रावरचा. त्यात तो चोरासारखा दिसतो. घर आवरताना मुलाने मला बिघडलेल्या रेडिओबरोबर जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात देऊन टाकलं. बहिणीला विचारलं नाही.

दुकानात माझ्यासारखेच दोघे आधीपासून होते. एकाच जातीचे. दुकानदाराने तिघांनाही नवं काळं कातडं चिकटवलं. आमच्या अंगावरचे ओरखडे, खुणा, सगळं झाकलं गेलं. आतली सफाई तो गिऱ्हाईक ठरल्यावरच करायचा, म्हणून माझं पोट कुणी पाहिलं नाही.

आज सकाळी दोघं भावंडं आली. मी मुलीला ओळखलं. तिने मला ओळखलं नाही.

"यातला बाबांचा कुठला?" तिने भावाला विचारलं.

"मला काय ठाऊक? सगळे सारखेच आहेत. घे कुठलाही."

"दादा, बाप काय दुकानातून कुठलाही घेतात का?"



दुकानदाराला आपला माल खपवायचा. "ताई, हा डावीकडचा घ्या. याचा उजेड मोजायचा काटा चालतो. उजवीकडच्याची काच निर्मळ आहे. मधल्याचा काटा मेलाय, शिवाय दांडी जड."

मधला म्हणजे मी. काटा मेलाय खरा. पण माझा मालक आभाळाकडे बघून उजेड सांगायचा, त्याला काटा कधी लागलाच नाही. आणि दांडी जड आहे, कारण मी रिकामा नाही! हे कुणाला सांगू? तोंड आहे, त्याला काच लावलेली.

दुकानदाराने डावीकडच्याचं दार उघडून आतला पडदा दाखवला. मग उजवीकडच्याचं. ती बघत होती, मान हलवत होती. उजेड भक्ककन आत शिरत होता. त्यांना काय त्याचं? ते रिकामेच होते, उजेडाने जळायला त्यांच्यात रोल नव्हता.

मग त्याने मला उचललं.

नको. अरे, नको रे. मी अंग जड केलं, स्प्रिंगा आवळल्या. यंत्राला याहून जास्त काही करता येत नाही. त्याने एका हाताने दांडी ओढली. माझी फिरकी फिरली. दुसऱ्या हाताने, नेहमीच्या सवयीने, त्याने तीच फिरकी वर खेचली. ती वर खेचली की दार उघडतं.

"फिरली!"

भर दुकानात ती लहान मुलीसारखी ओरडली आणि माझ्या पाठीवर तिचा तळवा थाडकन बसला. दार लागलं. पण बोटभर उघडलं होतं. उजेड आत येऊन गेला.

"हाच," ती म्हणाली. "दादा, हाच. आत रोल आहे."

भावाने आपला रुमाल काढून माझ्याभोवती गुंडाळला.

आता मी फोटो धुणाऱ्याच्या टेबलावर आहे. ती दाराबाहेर उभी आहे. रोल गुंडाळला जाताना पहिला फोटो सगळ्यात आत जातो. वरची वेटोळी जळली असणार. त्यात तिची आई गेली. आईचे फोटो घरात खूप आहेत. पण उजेड किती खोल शिरला, ते मलाही ठाऊक नाही. माझ्याच पोटात असून ठाऊक नाही.

आयुष्यात मी कुणाकडे काही मागितलं नाही. धूळ खाल्ली, गप्प राहिलो. आज मागतो. बाबा रे, आधी दिवा घालव. दाराखालच्या फटीला कापड लाव. पुन्हा एकदा बघ. मगच मला उघड.

आत एक माणूस पाना घेऊन उभा आहे. आयुष्यात एकदाच हसलाय कॅमेऱ्यासमोर.