अच्युतरावांनी नापास केलेल्या करवती

अच्युतरावांनी अख्खी नोकरी टर्बाइनच्या कारखान्याच्या तपासणी खात्यात काढली, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खुसपट काढण्याचा पगार घेतला. त्या खात्यात माल नापास करणाऱ्याला कोणी जाब विचारत नसे. पास करणाऱ्याच्या मागे मात्र चौकशी लागायची. निवृत्त झाल्यावर टाउनशिपचं क्वार्टर सोडून ते अवधपुरीत स्वतःच्या घरात आले, पण ही खोड काही तिकडे सोडून आले नाहीत.

घर बांधताना त्यांनी बायकोला, कमलिनीताईंना, शब्द दिला होता. देवघर विकतचं नाही आणायचं, सागवानाचं, मी माझ्या हातांनी करीन. तोवर देव स्वयंपाकघरात मिक्सरशेजारच्या फळीवर बसले. सासूबाईंनी दिलेल्या अन्नपूर्णेवर रोज फोडणी उडायची. कमलिनीताई ती पुसायच्या आणि परत फळीवर ठेवायच्या. अच्युतरावांनाही हे डाचत होतं, नाही असं नाही. पण फळ्या सरळ कापायला टेबल-सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली विजेची करवत हवी, आणि पेन्शनीत बसणारी टेबल-सॉ म्हणजे त्यांच्या मते निव्वळ खेळणं.

तरी त्यांनी दुकानं पालथी घातली. पिशवीत काटकोन बघायचा गुण्या घेऊन जात. एका मशीनचं टेबल मधोमध खोलगट निघालं. दुसऱ्याचं पातं फिरताना डुलत होतं. तिसऱ्याला, लाकूड सरळ सरकावं म्हणून कडेला जी पट्टी असते, ती पात्याला समांतर नव्हती, केसभर तिरपी होती. हमीदिया रोडवरचा दुकानदार शेवटी वैतागला.

"अंकल, घर में पटिया काटनी है कि हवाई जहाज बनाना है?"

असल्या अडाण्याशी बोलून तोंड कशाला विटाळा, म्हणून अच्युतराव उत्तर न देता बाहेर पडले.

अशात पलीकडच्या गल्लीतल्या शांतारामने ते तिसरं, तिरप्या पट्टीचं मशीन घरी आणलं. शांताराम अकाउंट्समधला. उभ्या जन्मात त्याने भिंतीत खिळा ठोकला नव्हता. अच्युतराव मुद्दाम बघायला गेले. हसायलाच गेले म्हणा ना.

"शांताराम, ही पट्टी तिरपी आहे."

"आहे ना, अच्युतराव. मी मागून क्लॅम्प लावतो. मग थोडंफार जमतं."

"थोडंफार जमतं म्हणून टर्बाइन चालत नाही."

"टर्बाइन कुठं, मी पाट करतोय," शांताराम म्हणाला आणि पाट पुढे ठेवला. पाट एका कोपऱ्यावर डुगडुगत होता.

अच्युतराव फार खुशीत घरी आले. जेवताना त्यांनी पाटाचं साग्रसंगीत वर्णन केलं. त्यावर ताट ठेवलं तर वरण उताराला लागेल, म्हणाले. कमलिनीताईंनी एवढंच विचारलं, "पण बसता येतं का त्यावर?"

"बसेल एखादा शांतारामसारखा."

कमलिनीताईंनी त्यांच्या ताटात आणखी वरण वाढलं.

नवरात्राच्या आदल्या दिवशी अच्युतराव इंदूरला एक मशीन बघायला गेले. त्याची मोटर हलक्या दर्जाची ठरवून, दुकानदाराला चार शब्द सुनावून, संध्याकाळी समाधानाने परतले. घरात शिरले आणि थबकले. बैठकीच्या कोपऱ्यात देवघर उभं होतं. आत अन्नपूर्णा, बाळकृष्ण, शंख, सगळे लख्ख घासून बसले होते.

"हे शांतारामचं काम?" त्यांनी विचारलं, जरी विचारायची गरज नव्हती.

"मीच सांगितलं होतं त्यांना."

अच्युतरावांनी चपला काढायच्या आधीच नजर फिरवली. "कळस डावीकडे झुकलाय. दार खाली घासतंय. सांध्यांच्या फटींत नुसती पुट्टी भरलीय. हे काय काम आहे?"

"तिरपं आहे, दिसतंय मला," कमलिनीताई वात वळत म्हणाल्या. "पण आहे."

"अगं, मी करणारच होतो ना."

"हो, माहीत आहे."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट बोलायला अच्युतरावांना वाव मिळाला असता. कमलिनीताईंनी निरांजन लावलं, हातातली काडी विझवली आणि अगदी मायेने म्हणाल्या, "आता तुम्ही मशीन सावकाश बघा. आता काही घाई नाही."

अच्युतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.