तिसऱ्या पानावरची खूण

एकार्ट झेल्टनरने ती ओळ खोडली, पडद्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि परत आणली. मग पुन्हा खोडली. ओळ काही मोठी नव्हती: ‘जुन्या बत्तीस-बिटी संगणकांवरही चालते.’ वर्षानुवर्षं ती ‘किमान गरजा’ या पानाच्या तळाशी, पंगतीत शेवटच्या पाटावर बसवलेल्या म्हाताऱ्यासारखी, कोणाच्या अध्यात ना मध्यात अशी बसून होती.

न्यूरेंबर्गच्या या कंपनीत जी दोन पानं कोणी वाचत नसे, ती दोन्ही झेल्टनर लिहायचा. एक किमान गरजांचं, म्हणजे प्रोग्राम कुठल्या संगणकावर चालेल याचं. दुसरं आवृत्त्यांच्या इतिहासाचं, म्हणजे कुठल्या आवृत्तीत काय आलं, काय दुरुस्त झालं आणि काय गेलं याचं. प्रोग्रामचं काम लोकांच्या नेटवर्कवर नजर ठेवण्याचं: कुठलं यंत्र जागं आहे, कुठलं गप्प झालं, हे हिरव्या-लाल ठिपक्यांनी दाखवायचं आणि बिघाड झाला की जबाबदार माणसाच्या फोनवर ठणाणा करायचा. ग्राहक ती पानं काहीतरी अडल्यावर उघडत. सहकारी अडल्यावरही उघडत नसत, सरळ झेल्टनरला विचारत.

स्वेन्या हार्म्स केकची बशी घेऊन आली. वाढदिवस तिचा होता, म्हणजे जर्मन रीतीने केक तिनेच भाजायचा, तिनेच टेबलाटेबलाला वाटायचा आणि वर तो छान झालाय हे ऐकून घ्यायचं. कंपनी विकली गेली तेव्हा नव्या मालकांनी तिला हॅम्बुर्गहून आणून सगळ्यांच्या डोक्यावर बसवलं होतं. ती झेल्टनरहून पुष्कळ लहान होती. त्याला तिचा मनापासून राग धरायचा होता, पण ती वाईट नव्हती, आणि तीच मोठी पंचाईत होती.

“ओळ गेली का?”

“वर्षभर थांबू या, स्वेन्या.”

“कोणासाठी?”

त्याने सांगितलं. बोहेमियाच्या सीमेलगतच्या जंगलात एका छोट्या गावाचा पाणीपुरवठा आहे. खोऱ्यातल्या पंपांवर जी नियंत्रणं बसवलेली आहेत ती जुन्या संगणकाशीच बोलतात. संगणक बदलायचा तर साऱ्या खोऱ्यातली नियंत्रणं बदलायची, आणि ते काही त्या गावाच्या आवाक्यातलं नाही. ओळ गेली की नवी आवृत्ती तिथे बसणार नाही. आपली जुनी आवृत्ती चालत राहील, पण फोनवर इशारा पोचवतो तो आपला सर्व्हर, आणि मार्चअखेर तो जुन्या आवृत्त्यांशी बोलायचं बंद करणार. मग तिथला पंप थांबला तर कळणार कोणाला?

एक गोष्ट मात्र त्याने सांगितली नाही. त्या गावाचं पाण्याचं खातं एकटीने सांभाळणाऱ्या फ्राउ प्लांकचा नवरा अलोइस भ्रमिष्ट झाला होता. त्याला एकटं सोडलं की तो घरातल्या चपलांनी रस्त्यावर निघून जाई. फोन वाजत होता म्हणून ती घरी त्याच्याजवळ बसून पंप सांभाळू शकत होती. तो वाजायचा थांबला तर तिला रोज खोऱ्यातून फिरावं लागणार होतं. हे ऐकून स्वेन्या कदाचित विरघळली असती. पण ते फ्राउ प्लांकने फोनवर विश्वासाने सांगितलेलं, आणि दुसऱ्याच्या घरातली गोष्ट तिसऱ्याच्या टेबलावर मांडणं झेल्टनरला आयुष्यात जमलं नव्हतं.

“हे एक गाव झालं,” स्वेन्या म्हणाली. “मला आकडा दे.”

तिने खुर्ची ओढून त्याच्याच पडद्यावर तक्ता उघडला. कोण ग्राहक कुठल्या संगणकावर प्रोग्राम चालवतो, सगळं त्यात होतं. जुन्या संगणकांपुढे शून्य होतं.

“हे मोजलेल्यांचं आहे,” तो म्हणाला. “जे मोजू देतात त्यांचं.”

“आणि जे मोजू देत नाहीत ते आहेत, हे मी मालकांना कशावरून सांगू?”

त्याने तक्ता वरखाली सरकवला. तिने जरा विचार केला. शुक्रवारपर्यंत तक्त्यात दहाजण दिसू देत, म्हणाली, दहा दिसले तर वर्षभर ओळ राहील, मी वर भांडेन. उठताना तिने बशी त्याच्याकडे सरकवली.

“केक खा. सफरचंदाचा आहे.”

दहा म्हणजे काहीच नव्हते. झेल्टनरला दहाच्या कितीतरी पट माहीत होते, आवाजानिशी. ते तक्त्यात का नाहीत, हेही त्याला माहीत होतं.

प्रोग्राम बसवताना तिसऱ्या पानावर एक चौकोन येई: ‘वापराची माहिती कंपनीला पाठवायला परवानगी आहे.’ त्यात बरोबरची खूण आधीच केलेली असे. आणि गेली कित्येक वर्षं, ज्याला ज्याला फोनवरून प्रोग्राम बसवून दिला, त्याला त्याला झेल्टनर तिसऱ्या पानावर थांबवून म्हणे, ही खूण काढा, तुमचं तुमच्याजवळ राहू द्या. कंपनीच्या पगारावर कंपनीलाच आंधळं करायचं हे काम तो इतक्या निष्ठेने करी की लोकांना तो कंपनीचा नियमच वाटे. तो होताच तसा. रस्त्यांची चित्रं टिपणारी मोटार गल्लीतून गेली तेव्हा आपलं घर नकाशावर धूसर करायला लावणारा गल्लीतला पहिला माणूस तो. सगळ्या गल्लीत तेवढंच घर धुक्यात दिसे, आणि त्यामुळे नेमकं तेच उठून दिसे.

तो फोन लावत बसला. बिअर गाळणाऱ्या कारखान्याचा माणूस आधी खो-खो हसला, मग म्हणाला की खूण काढायला लावली कोणी, आठवतंय ना? छापखान्याने माहिती कशासाठी हवी आणि किती काळ ठेवणार, ते लेखी मागितलं. मठातल्या पाद्रीबुवांना मठाधिपतींना विचारावं लागणार होतं, आणि मठाधिपती रोमला गेलेले. एका शाळेने ताबडतोब हो म्हटलं. झेल्टनर सुखावतो न सुखावतो तोच त्यांनी सांगितलं की माहिती-सुरक्षा पाहणाऱ्या बाई ईस्टरनंतर रजेवरून येतील, मग सह्या होतील. कोणी वाकडं बोललं नाही. जो तो त्याने शिकवलेलंच त्याला म्हणून दाखवत होता.

गुरुवारी जेवणानंतर त्याने शेवटचा फोन लावला. इतक्या वर्षांत त्याने फ्राउ प्लांकला पाहिलं नव्हतं. अजून दोघंही एकमेकांना अहो-जाहोच करत, आणि नावाआधी तिकडच्या रीतीने ‘फ्राउ’ आणि ‘हेर’, म्हणजे बाई आणि साहेब, लावत.

“बोला, हेर झेल्टनर. आज आपणहून? काळजीचं नाही ना काही?”

मागून अलोइसचा आवाज आला. कोण आहे, कोण आहे म्हणून तो विचारत होता.

“हेर झेल्टनर आहेत रे,” ती फोनपासून तोंड वळवून म्हणाली. “आपल्याला घरी बसू देणारे.”

झेल्टनरने टेबलावरचा केकचा चुरा बोटाने एका जागी गोळा केला. मग त्याने तिसऱ्या पानाबद्दल विचारलं. ती खूण परत करता येईल का?

 ती हळूच म्हणाली, “अहो, तुमचं ऐकून मी नगरपालिकेचा ठराव करून घेतला. बाहेर काहीही पाठवायचं नाही, कुठल्याच खात्याने. महापौर कुरकुरत होते, मी भांडले.” आणि आवाज आणखी खाली आणून, “पण तुम्ही म्हणत असाल तर करते. कोणाला कळायचं नाही. तुम्ही सांगितलेलं मी कधी मोडलं नाही.”

तक्त्यात शून्याच्या जागी एक आला असता. दहा नाही. आणि उद्या फोन वाजायचा थांबल्यावर मदतीला माणूस द्या म्हणून ज्या महापौरांपुढे तिला हात जोडावे लागतील, त्यांचाच ठराव तिने मोडलेला असता.

“नको,” तो म्हणाला. “राहू द्या.”

मग त्याने मार्चअखेरचं सांगितलं. आवृत्त्यांच्या इतिहासात लिहितो तसं, कमीत कमी शब्दांत. ती ऐकत होती. अलोइसने पुन्हा विचारलं, या वेळी तिने त्याला उत्तर दिलं नाही.

“मार्च म्हणालात ना?” ती शेवटी म्हणाली. “म्हणजे हा हिवाळा तरी त्याचा घरात निघेल. पुढे त्याची कुठल्या संस्थेत सोय होते बघते.” आणि सवयीने, “आभारी आहे, हेर झेल्टनर. तुम्ही स्वतः फोन केलात.”

शुक्रवारी तक्त्यात शून्यच होतं. झेल्टनरने ओळ खोडली, आणि या वेळी परत आणली नाही. आवृत्त्यांच्या इतिहासात त्याने लिहिलं: ‘जुन्या बत्तीस-बिटी संगणकांचा आधार काढला.’ खाली ‘बाधित ग्राहक’ असा रकाना होता. तिथे तक्त्यातला आकडा यायचा, तो आपोआप आला.

संध्याकाळी स्वेन्या स्वतःचा लॅपटॉप काखेत घेऊन आली. नवी आवृत्ती आधी आपल्याच घरच्या नेटवर्कवर चालवून बघायची, म्हणाली, सोमवारी मालकांना तसं सांगता येईल. तू बसवून देतोस का? आणि तो बसवत असताना ती त्याच्या टेबलाला टेकून ओळीबद्दल बोलली. तिला वाईट वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं. एवढा खटाटोप केलास, म्हणाली, पण माणसं दिसायला तरी हवीत ना.

पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यावर झेल्टनरचा हात थांबला. चौकोनात खूण होती.

स्वेन्याने कोट चढवता चढवता पडद्याकडे ओझरतं पाहिलं.

“ती काढ हं,” ती म्हणाली. “घरचा आहे तो.”

त्याने खूण काढली, आणि ‘पुढे’ दाबलं.