बेलटोल्याच्या भिंतीचा करारनामा

आमच्या पंचायत समितीनं आजवर कोणाला वेळेत न्याय दिला असेल, तर तो गोमाजी पाटलाच्या हल्याला, म्हणजे रेड्याला. समितीची एक विहीर अर्धी खोदून राहिली होती, तिला कठडा नव्हता, आणि अठ्ठ्याहत्तर साली हा हल्या तिच्यात पडून मेला. गोमाजी कोर्टात गेला. विहीर कोणाची, असं कोर्टानं विचारलं. समिती म्हणाली, ठेकेदाराची. ठेकेदार म्हणाला, समितीची. करारनाम्यात त्याबद्दल एक ओळ नव्हती. आठ महिन्यांत समितीला भरपाई द्यावी लागली.

त्यानंतर नवे बीडीओ साहेब आले. साताऱ्याकडचे होते, सज्जन होते, आणि रुजू झाल्याबरोबर त्यांनी हल्याची फाईल मागवली. दोनदा वाचली. मी तेव्हा बांधकाम शाखेत वरिष्ठ लिपिक होतो. मला समोर बसवून म्हणाले, "तुलारामजी, काम बिघडणं हे काही विशेष नाही. ते बिघडतंच. आपण त्यात सापडता कामा नये."

मग आम्ही दोघांनी तीन आठवडे बसून नवा करारनामा तयार केला. त्यातलं कलम चौदा माझ्या हातचं. काम चालू असताना आणि काम पुरं झाल्यावर एक वर्षापर्यंत माणसास, जनावरास किंवा खुद्द कामास जी इजा होईल, तिची संपूर्ण जबाबदारी काम घेणाऱ्यावर राहील. पडलेलं काम तो स्वखर्चानं पुन्हा करून देईल. तोवर त्याची अनामत समितीकडे राहील. आणि समितीवर कोणत्याही परिस्थितीत कसलीही जबाबदारी येणार नाही. 'कोणत्याही परिस्थितीत' हे शब्द साहेबांना इतके आवडले की त्यांनी स्वतःच्या खिशातून चहा मागवला. आमच्या नोकरीत यापेक्षा मोठा सन्मान नव्हता.

आता काम घेणारा कोण, ते सांगतो. लहान कामं मजुरांच्या सहकारी संस्थेला टेंडरशिवाय मिळत. हेतू असा की मधला ठेकेदार जावा आणि मजूर मालक व्हावा. भैय्यालालला हा हेतू फार पटला. त्याची धानाची गिरणी होती, राजदूत फटफटी होती, आणि त्यानं जन्मात घमेलं उचललं नव्हतं. म्हणून तो संस्थेत सभासद झाला नाही. त्यानं फक्त संस्था काढली. बेलटोल्यातले अकरा मजूर सभासद केले, आणि अध्यक्ष कोणाला करावं म्हणून पाहिलं, तर दहांचे अंगठे होते. सही एकट्या डोमाची होती.

डोमा विटा वाहणारा माणूस. बेलटोल्याच्या बौद्ध विहारात प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला, तेव्हा तो चार महिने न चुकता गेला आणि नाव लिहायला शिकला. हळूहळू वाचायलाही लागला. संस्था निघाली त्याच हप्त्यात भैय्यालालनं त्याला अध्यक्ष केलं. दर शनिवारी तो फटफटीच्या सीटवर कागद पसरायचा, बोट ठेवायचा, डोमा तिथं सही करायचा आणि पुन्हा विटा वाहायला जायचा.

एक्याऐंशी साली या संस्थेला बेलटोल्याच्या शाळेच्या खोलीचं काम मिळालं. तेव्हा सिमेंट परमिटवर होतं. शाळेच्या नावानं सिमेंट आलं आणि भैय्यालालच्या गिरणीच्या ओट्यात गेलं. शाळेची भिंत मातीत उभी राहिली, वरून तिला सिमेंटचा हात मारला. भिंत दिसायला चांगली होती. ओव्हरसियरनं तसं लिहूनही दिलं.

तीन ऑगस्टला सकाळी ती पडली. पोरं मैदानात प्रार्थनेला उभी होती, म्हणून वाचली. डोमा भिंतीतली पाडाच्या, म्हणजे परांचीच्या, बल्ल्यांची भोकं बुजवत खाली बसला होता. भिंत त्याच्या उजव्या मांडीवर आली.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, दोन महिन्यांच्या आत नागपूरला नेऊन हाडाला स्टीलची पट्टी बसवा. पट्टी बाहेरून विकत घ्यावी लागेल. नाही बसवली तर हाड त्याच्या मनानं जुळेल.

बाजाराच्या दिवशी डोमाची बायको धुरपता ऑफिसात आली. पायरीवर रिकामी टोपली ठेवली, माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"बाबूजी, मांडी मोडली त्याची. तुमच्याच कामावर मोडली. पट्टीचं पाहा ना जी कायतरी."

मी म्हटलं, "बाई, भैय्यालालकडे गेल्या होत्या का?"

"गेली होती. थो म्हणते, मी कोण? मी त संस्थेचा हितचिंतक आहो. संस्थेले विचारा म्हणते."

"मग विचारा संस्थेला."

"संस्था कुठी रायते, बाबूजी?"

मी फाईल काढली. संस्थेचा पत्ता डोमाच्या घरचा होता. मी तो वाचून दाखवला.

"म्हणजे मी माह्याच घरी जाऊन मागू?"

"कागदावर तसं आहे."

"अन् आमच्या घरी काय आहे, थे नाई का कागदावर?"

मी तिला साहेबांकडे नेलं. साहेबांनी तिला खुर्ची दिली, जी ते सरपंचालाही देत नसत. सगळं ऐकलं. हळहळले. मग कलम चौदा तिला वाचून दाखवलं, सावकाश, समजेल असं. ती गेल्यावर मला म्हणाले, "पाहिलंत तुलारामजी? कलम नसतं तर आज हल्याची गत झाली असती."

"हल्याला भरपाई मिळाली होती, साहेब," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी."

धुरपता दर बाजाराला येत राहिली. भांडत नसे. मला भांडणारी माणसं सोपी जातात, त्यांना नियम सांगता येतो. ही नुसती येऊन उभी राही आणि डोमाच्या पायाची हकिगत सांगे. सूज उतरली. पाय बाहेरच्या बाजूला वळून रायला. कूस बदलता येत नाई. तिसऱ्या बाजाराला मला राहवलं नाही, आणि मी हुशारी केली.

संस्थेची अनामत आमच्याकडे पडून होती. मी धुरपताला म्हटलं, "संस्थेची सभा घ्या. ठराव करा, की भिंत संस्थेच्या कामात पडली, डोमाजीला संस्थेच्या कामात लागलं, म्हणून अनामत त्यांच्या औषधपाण्याला द्यावी. मग मी पाहतो."

"सभा त भैय्यालाल घेते."

"कायद्यानं अध्यक्ष घेतो."

"अध्यक्ष बाजीवर पडला आहे."

"बाजीवर घ्या."

मी ठरावाचा मजकूरही लिहून दिला. रविवारी बेलटोल्यात बाजेभोवती संस्थेची पहिली खरी सभा भरली. दहा अंगठे आणि एक सही झाली. धुरपता सांगे की डोमानं मजकूर सगळ्यांना वाचून दाखवला, अडखळत, आणि बाबुलाल नावाचा सभासद म्हणाला, "बापा, तू त खराच अध्यक्ष होऊन रायला." त्यावर सगळे हसले, डोमासुद्धा, आणि हसल्यानं मांडीत कळ आली.

ठराव मी साहेबांपुढं ठेवला. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि परत वाचला.

"तुलारामजी, भिंत स्वतःच्या कामात पडली हे संस्थेनं लेखी मान्य केलंय."

"औषधपाण्यासाठी, साहेब."

"कशासाठी का असेना. मान्य केलंय ना? इतके दिवस मला हीच एक धास्ती होती. उद्या म्हणाले असते की समितीच्या नकाशातच चूक होती, तर काय केलं असतं आपण? घ्या, नोटीस काढा. भिंत बांधून द्या आणि अनामत घ्या."

नोटीस माझ्या अक्षरात गेली. अध्यक्ष श्री. डोमा यांना कळविण्यात येते की, आपणांकडून पडलेली भिंत आपण स्वखर्चाने पुन्हा बांधून द्यावी.

धुरपता पुढच्या बाजाराला आली तेव्हा मी मान वर केली नाही.

"त्याच्या अंगावर पडली, अन् त्यानंच बांधाची?"

"बांधली तर अनामत सुटेल, बाई."

"किती दिवस रायले पट्टीले?"

"एक महिना आणि चार दिवस."

ती टोपली उचलून गेली.

बेलटोल्याच्या त्या दहांनी भिंत बांधली. दिवस निंदणीचे होते, चिखलातल्या मजुरीचे. धानाच्या बांध्या सोडून ते शाळेवर फुकट राबले. पडक्या विटा धुतल्या, चुना कुठून आणला ते मी विचारलं नाही. धुरपता विटा देत होती. डोमाची बाज शाळेच्या वऱ्हांड्यात आणून ठेवली होती, आणि तो झोपल्या झोपल्या ओळंब्याकडं पाहून सांगत होता, डावीकडं घे, आता बरोबर. भैय्यालाल एकदा फटफटीवरून आला. म्हणाला, "आता कसं, संस्था खरोखर मजुरांची झाली." त्याला कोणी चहा विचारला नाही. मात्र त्याची फटफटी चिखलात फसली, ती त्यांनीच काढून दिली.

अठ्ठाविसाव्या दिवशी भिंत पुरी झाली. ओव्हरसियरनं कुदळ मारून पाहिली, कुदळ मागं आली. मी त्या शाखेत चौदा वर्षं होतो. समितीच्या हद्दीत तितकी पक्की भिंत मी दुसरी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी डोमाला बैलबंडीत घालून आणलं. काम पूर्ण झाल्याच्या रजिस्टरात अध्यक्षाची सही लागते, आणि रजिस्टर ऑफिसाबाहेर नेता येत नाही. आमच्या ऑफिसाला सहा पायऱ्या होत्या. दोघांच्या खांद्यावर हात टाकून तो चढला. मी दारात रजिस्टर घेऊन उभा होतो. ते घेऊन खाली उतरलो असतो तर कोणी मला फासावर दिलं नसतं. मी उतरलो नाही.

साहेबांनी त्याला खुर्चीवर बसवलं. पाय सरळ होत नव्हता, म्हणून खुर्ची तिरपी केली. साहेबांनी मनापासून अभिनंदन केलं. मग धुरपता म्हणाली, "साहेब, अनामत आजच भेटन ना? पाच दिवस रायले. उद्या सकाळच्या गाडीनं नेतो."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी करारनाम्याकडं पाहिलं. काम पूर्ण झाल्यावर एक वर्षापर्यंत. तोवर अनामत समितीकडे. नोटिशीत मी ही ओळ घातली नव्हती. मुद्दाम नव्हे. कलमात असलेली गोष्ट पुन्हा लिहायची पद्धत नव्हती.

"रजिस्टरात भिंत आज पूर्ण झाली," साहेब म्हणाले, "म्हणजे वर्ष आजपासून. पुढच्या सप्टेंबरात या, मी इथं असलो तर स्वतः चेक देईन."

"पाय कसा थांबन जी सप्टेंबरलोक?"

साहेबांना खरंच वाईट वाटलं होतं. ते म्हणाले, "बाई, पायासाठी माझ्याकडे तरतूद नाही."

धुरपतानं मग माझ्याकडं पाहिलं.

डोमानं करारनामा वाचायला मागितला. आजवर त्यानं त्यावर सही केली होती, वाचला नव्हता. बोट ठेवून, ओठ हलवत, त्यानं कलम चौदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, पण थांबवलं नाही. वाचून झाल्यावर डोमानं कागद नीट घडी करून मला परत दिला.

"तुम्ही लिवलं काय जी बाबूजी?"

"हो."

"लई साजरं अक्षर आहे. कुठी सही करू?"

मी रजिस्टर उघडून बोट ठेवलं.