फिबरोनियाचे हात

"बोटं सरळ ठेव. बाह्या खाली ओढू नकोस. हात दिसायला हवेत लोकांना," आई म्हणाली आणि तिने फिबरोनियाच्या मनगटाचं बटण लावलं. फिबरोनियाने दात आवळले. आईने ते पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं. हिवाळ्यापासून ही कला आईला छान साधली होती.

आज बिशप येणार होते. प्रार्थनेनंतर फिबरोनियाने पुढे उभं राहायचं, मार मीना या संताने आपल्याला कसं बरं केलं ते सांगायचं आणि दोन्ही हात वर करून दाखवायचे, असं ठरलं होतं. ठरवलं अबूनांनी, म्हणजे चर्चच्या पाद्रीबाबांनी, आणि आईने. फिबरोनियाला विचारायचं राहून गेलं.

नऊ वर्षांपूर्वी मिन्या शहरातल्या डॉक्टरने सांगितलं होतं, "तुमचं शरीर तुमच्याच सांध्यांवर उठलंय." आपल्याच माणसांनी छळायचं म्हणजे काय ते फिबरोनियाला घरात राहून ठाऊक होतं, त्यामुळे तिला फारसं नवल वाटलं नाही. त्याआधी ती चर्चमध्ये सेवा करणाऱ्या डीकनांच्या पांढऱ्या झग्यांवर क्रूस भरायची. मग सुई बोटांत राहीना. गल्लीतल्या बायका आईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "काहीतरी पाप असणार त्या घरात." आई खाली मान घालून भाजी आणायची.

गेल्या वर्षी डॉक्टरने औषध बदललं. त्याच महिन्यात मार मीनाचा सण आला. अबूनांनी तिच्या हातांना तेल लावलं आणि तीन आठवड्यांत सूज उतरली. आई धावतच अबूनांकडे गेली. चर्चच्या चमत्कारांच्या वहीत फिबरोनियाचं नाव चढलं, रविवारी ते सगळ्यांसमोर वाचलं गेलं. तेव्हापासून त्याच बायका आईच्या हाताचं चुंबन घेऊन आपल्या दुखणेकऱ्यांची नावं तिच्याकडे देऊ लागल्या. आईची पाठ सरळ झाली. तेवढ्यासाठी फिबरोनिया गप्प बसली. चूक झाली ती तिथे.

"बरं झाल्यावर गोळ्या घेणं म्हणजे मार मीनाच्या तोंडावर दार आपटणं," असं म्हणून आईने डबी फेकून दिली होती.

"ती गोळीही त्यानेच पाठवली, असं का नाही मानत तू?" फिबरोनिया म्हणाली होती. तिचं देवाशी काही बिनसलं नव्हतं. रोज सकाळी ती त्याच्याशी बोलायची, त्याच्यावर रागवायचीही. तक्रार होती ती त्याच्या वतीने बोलणाऱ्यांबद्दल.

गोळ्या बंद झाल्या आणि हिवाळ्यात दुखणं दुप्पट होऊन परत आलं. भाऊ वदीअ औषधांच्या दुकानात होता आणि चर्चच्या समितीवरही. गेले दोन आठवडे तो आठवड्याची गोळी शेंगदाण्यांच्या पुडीत लपवून आणत होता.

आजही निघताना त्याने पुडी पुढे केली. "घे पटकन. पण तिथे काही बोलू नकोस हं, ताई. आईचा विचार कर."

"माझा कोण करणार?"

"मी करतोय ना! गोळी कोण आणतंय?"

तिने गोळी गिळली आणि शेंगदाणे त्याला परत दिले.

चर्च खच्चून भरलं होतं. आई बायकांच्या पहिल्या रांगेत बसली होती. फिबरोनिया पुढे गेली. तिच्या तोंडून शब्द फुटण्याआधीच गर्दीतून एक बाई नऊ-दहा वर्षांच्या मुलीला ओढत समोर आली. मुलगी लंगडत होती. तिचे गुडघे सुजले होते, बोटंही.

"मी तरीझा, शेजारच्या गावची," बाई म्हणाली. "ही माझी यूस्तीना. तुमच्यासारखंच आहे हिचं. तुमच्याबद्दल ऐकलं आणि त्याच दिवशी हिच्या गोळ्या कालव्यात टाकल्या. आता तुम्ही फक्त हात लावा, ताई."

आपल्या गप्प बसण्याची किंमत दुसरं कोणीतरी मोजत असेल, हे फिबरोनियाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मी बरी झालेले नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "गोळ्यांनी उतार पडला होता. त्या सोडल्या आणि पुन्हा आजारी पडले. हिच्या गोळ्या आजच सुरू कर."

मग अबूना बिशपांकडे वळून कौतुकाने हसले. "पाहिलंत? ज्याला खरी कृपा मिळते तो असाच नम्र असतो."

सगळीकडून आमेन आलं. खरं बोलूनही खोटं ठरता येतं, हे फिबरोनियाला त्या दिवशी कळलं.

"तुम्हाला मिळालं म्हणून दुसऱ्याला मिळू नये असं वाटतं का?" तरीझा कळवळून म्हणाली. "लेकरू आहे हो ते!" तिने फिबरोनियाचा उजवा हात घट्ट पकडला आणि खाली ओढून मुलीच्या गुडघ्यावर घासायला सुरुवात केली. फिबरोनियाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ओरडायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

"आई, सोड," यूस्तीना म्हणाली. "अगं, सोड ना. तिला माझ्यासारखं दुखतंय."

आणि आपल्या सुजल्या बोटांनी ती आईची बोटं एकेक करून उकलू लागली.

तरीझाने आता प्रथमच त्या हाताकडे नीट पाहिलं. फुगलेल्या पेरांकडे, एका बाजूला वळलेल्या बोटांकडे. तिचा चेहरा उतरला.

"कुठली गोळी घेता तुम्ही?" तिने हळूच विचारलं.

"वदीअ!" फिबरोनियाने पुरुषांच्या बाजूला हाक मारली. "गोळीचं नाव सांग यांना."

वदीअ समितीच्या लोकांमध्ये उभा होता. तो आपल्या बुटांकडे पाहत राहिला.

मग फिबरोनियानेच सांगितलं. "मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदा. पण किती द्यायची ते डॉक्टरला विचार."

तरीझाला लिहिता येत नव्हतं. तिने ते अवघड नाव पुटपुटत घोकायला घेतलं. दोनदा चुकली. फिबरोनियाने दोन्ही वेळा ते पुन्हा सांगितलं, हळू, तोडून तोडून. तिसऱ्यांदा सांगत असताना पहिल्या रांगेतून आई उठली. डोक्यावरची ओढणी पुढे ओढून, कोणाकडेही न पाहता ती मधल्या वाटेने दाराकडे चालू लागली. वाटेत एकाही बाईने तिचा हात धरला नाही.

"मे-थो," तरीझा म्हणाली. "पुढे काय, ताई?"

"ट्रेक्सेट," फिबरोनियाने आईच्या पाठीकडे पाहत सांगितलं.