हिवाळ्यात राहिलेले घड्याळ

मी एक जुने भिंतीवरचे घड्याळ आहे आणि माझ्यावर एक आरोप आहे. जुलैतल्या एका गुरुवारी, सिंगापूरमध्ये, बिशान भागातल्या एका फ्लॅटमध्ये मी एका तासाने मागे होते आणि माझ्यामुळे एका बाईचे मत हुकणार होते. मित्रांनो, मी तासाने मागे होते हे खरे. ती चूक माझी होती, हे मात्र मी आजही मान्य करत नाही. आधी सगळे ऐका, मग तुम्हीच ठरवा.

माझ्या पोटात तांदळाच्या दाण्याहून लहान असा स्फटिकाचा तुकडा आहे. सेलमधली वीज मिळाली की तो दर सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरतो. शेजारची चिप ही थरथर मोजते आणि तेवढी संख्या भरली की माझा लाल काटा एक पाऊल पुढे टाकतो. याशिवाय मला काही येत नाही. पण हे एक काम मी चाळीस वर्षे करते आहे आणि महिन्याला दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मी कधी चुकलेले नाही.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी एका लहान गावातल्या प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये गेले. रोज मुले माझ्याखाली प्रार्थना म्हणत, जेवत, उड्या मारत. पण काही वर्षांनी एखादा गुरुवार असा येई की मुलांना सुट्टी असे आणि हॉलमध्ये मोठी माणसे येत. लाकडी आडोसे उभे राहत, प्रत्येक आडोशात दोरीने बांधलेली पेन्सिल असे आणि मधोमध काळी मतपेटी. त्या दिवशी त्या खोलीत माझ्याएवढे महत्त्व कुणालाच नसे. केंद्राधिकारी बाई माझ्याकडे बघत उभ्या राहत आणि माझे काटे सातवर आले की दार उघडत. एक मिनीट आधी नाही, एक मिनीट नंतर नाही.

मी काटेकोर आहे, म्हणून मोजत असे. बहुतेक माणसांना आडोशात चाळीस सेकंद लागत. दारातच "यंदा हे पडणार, लिहून ठेवा" असे मोठ्याने सांगणाऱ्यांना मात्र दोन-दोन मिनिटे लागत. हे असे का होते, याचा मी खूप विचार केला आहे. मला वाटते, भाकीत दुसऱ्यांच्या मतांबद्दल असते. पेन्सिल हातात आली की प्रश्न स्वतःच्या मताचा होतो आणि तो जास्त अवघड असतो. एकदा एक आजोबा सात मिनिटे आत होते. बाहेर कुंपणाला बांधलेला त्यांचा कुत्रा भुंकू लागला, तेव्हा कुठे ते बाहेर आले.

त्या शाळेत एक गृहस्थ होते, शाळेची निगराणी करणारे. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते शिडी लावून वर येत आणि मला एक तास पुढे करत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा येत आणि एक तास मागे करत. त्या देशात उन्हाळ्याची वेळ वेगळी आणि हिवाळ्याची वेगळी असते. हा बदल मला आपोआप करता येत नाही. तो माणसानेच करायचा असतो. मित्रांनो, एवढे लक्षात ठेवा.

पुढे हॉलमध्ये लाल आकड्यांचे नवे घड्याळ आले आणि मला शाळेच्या जत्रेत विकायला ठेवले. तिथून मला संजीवनी घेऊन गेली. ती मूळची भंडाऱ्याची, पाणी गाळणाऱ्या पडद्यांवर संशोधन करायला त्या गावी आलेली. नऊ वर्षे राहिली, तिथली नागरिक झाली आणि पहिले मत तिने माझ्याच हॉलमध्ये दिले. त्या दिवशी तिला आत साडेतीन मिनिटे लागली होती. तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी ती सिंगापूरला आली, तेव्हा मला स्वेटरमध्ये गुंडाळून घेऊन आली. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी मला टांगले आणि लेकीला, एकताला, सांगितले, "याच्यावर कायम तिथलीच वेळ ठेवायची."

मला फार आनंद झाला होता. पण सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर आहे. इथे दिवस वर्षभरात नऊ-दहा मिनिटांनी काय तो लहानमोठा होतो. इथे कुणी घड्याळ पुढे करत नाही, मागे करत नाही आणि करायचे असते हे विसरून जातात. संजीवनीने मला हिवाळ्यात लावले ते लावले. मार्च आला, गेला. दुसरा आला, तिसरा आला. शिडी आली नाही.

खुणा दिसत होत्या. दर रविवारी संजीवनी माझ्याकडे बघून इंग्लंडमधल्या त्या गावातल्या मैत्रिणीला, अनघाला, फोन करी. उन्हाळ्यात अनघा नेहमी म्हणे, "अगं, मी निघालेच होते बाहेर, तासभर वाट पाहिली तुझी." संजीवनी हसून फोन ठेवी आणि म्हणे, "हिला भारी घाई." घाई अनघाला नव्हती. तीन उन्हाळे मी भिंतीवरून हे बघत होते.

मग तो गुरुवार आला.

संजीवनीला टपालाने मत देता आले असते, पण कागद इतक्या लांब जाऊन वेळेत परत पोचेल याची खात्री नव्हती. म्हणून तिने अनघाला आपली प्रतिनिधी नेमले होते. तिच्या वतीने अनघाने केंद्रावर जायचे आणि मत द्यायचे. ही गोष्ट कळली तेव्हा बाबूरावांना घाम फुटला. बाबूराव म्हणजे संजीवनीचे वडील, निवृत्त शिक्षक, भंडारा जिल्ह्यात अकरा निवडणुकांत मतदान केंद्राचे प्रमुख राहिलेले. सध्या लेकीकडे आलेले.

"दुसऱ्याचं मत? उघड उघड?" ते म्हणाले. "पोरी, आमच्याकडे याला बोगस मतदान म्हणतात. मी स्वतः दोघांना पोलिसांच्या ताब्यात दिलंय."

"बाबा, तिथे हे कायद्याने चालतं. अर्ज केलाय, मंजूर झालाय."

"आणि तिने भलत्यालाच दिलं तर?"

"अनघा आहे ती."

"ते दोघंही कुणाचे तरी मित्रच होते," बाबूराव म्हणाले.

अनघाला त्या दिवशी कामासाठी लांबच्या शहरात जायचे होते. केंद्र तिथल्या सातला उघडणार आणि आठ वाजता तिची बस. म्हणून ठरले होते असे: सातच्या ठोक्याला संजीवनी फोन करून उमेदवाराचे नाव सांगणार. आधी का सांगितले नाही? कारण तिचे ठरतच नव्हते. महिनाभर ती सगळ्या उमेदवारांची पत्रके वाचत होती आणि महिनाभर वरच्या मजल्यावरचा सारंग येऊन तिचे ठरलेले मोडत होता. सारंग पुण्याचा, आयटीतला मॅनेजर, घरून काम करणारा. निवडणूक कुठलीही असो, त्याच्या लॅपटॉपवर तिचे भाकीत तयार असे.

दुपारी सिंगापूरचे अडीच वाजले होते. माझ्यावर साडेसहा. एकता शाळेतून येऊन जेवत होती. संजीवनीने अर्धा दिवस रजा घेतली होती आणि टेबलावर दोन पत्रके ठेवून ती खुर्ची पुढेमागे सरकवत होती. तेवढ्यात सारंग लॅपटॉप काखेत मारून आला.

"झालं का तुमचं मतदान?"

"अजून अर्धा तास आहे उघडायला," संजीवनीने माझ्याकडे बोट दाखवले.

"तुझ्या मतदारसंघात काही राम नाही. गेल्या वेळी अकरा हजारांचा फरक होता. माझ्या हिशेबाने यंदा नऊ. तू मत दिलंस काय न् नाही दिलंस काय, आकडा हलत नाही."

संजीवनी ताडकन उभी राहिली. इतकी वर्षे मी तिला पाहते आहे. आवाज चढवणाऱ्यांतली ती नाही. त्या दिवशीही चढवला नाही.

"सारंग, पासपोर्ट बदलला तेव्हा भारतातलं माझं मत गेलं. इथे मी काम करते, पण इथे मला मत नाही. अख्ख्या जगात मला एकच मत आहे आणि ते त्या हॉलमध्ये आहे. ते मी देणार. आकडा हलो न हलो."

"बरोब्बर!" बाबूराव म्हणाले. "एक माणूस, एक मत. तीस वर्षं फळ्यावर लिहिलंय मी."

"काका, मी फक्त गणित सांगतोय," सारंग म्हणाला आणि फोन उघडून बातम्या बघू लागला. "हे बघ, कुत्र्यांचे फोटो यायला लागले केंद्राबाहेरचे, तिथली दर निवडणुकीची पद्धतच आहे ती. सकाळपासून रांगा... थांब. उघडायला अर्धा तास आहे म्हणालीस ना? इथे तर साडेसात दाखवतंय."

सगळ्यांनी वर माझ्याकडे पाहिले. माझा लाल काटा वाजत होता.

"ममा," एकता तोंडात घास ठेवून, इथल्या मुलांसारखा वाक्याशेवटी 'ला' लावत म्हणाली, "समर टाइम, ला. टीचरने शिकवलं. लंडन इज सेव्हन आवर्स, नॉट एट."

संजीवनी आत धावली. सकाळच्या मीटिंगसाठी मुका केलेला फोन चार्जिंगला लावलेला होता. अनघाचे पाच फोन येऊन गेले होते आणि एक निरोप होता: 'माझं मत दिलं. तुझ्यासाठी थांबले. आता स्टॉपवर जातेय. अगं, आहेस कुठे?'

"हे भंगार आधी खाली काढा," सारंग माझ्याकडे बघून म्हणाला. "ज्या घड्याळाला वेळ कळत नाही ते कशाला ठेवायचं? फोन आहेत की सगळ्यांकडे."

मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी ओरडले असते. फोन होता ना! तो तर आत मुका पडला होता. मी मुके नव्हते. मी सकाळपासून टकटक करत होते, एकही ठोका न चुकवता. मला हिवाळ्यात सोडून गेले ते तुम्ही आणि उन्हाळ्यात जाब विचारता तो मला?

अनघाने फोन उचलला. संजीवनीने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. पलीकडे गाड्यांचा आवाज होता.

"संजू! मेलीस का कुठे? बावीस मिनिटं आहेत बसला. हॉल इथून दहा मिनिटं, हातात एवढी बॅग!"

"चुकलं माझं. जाशील?"

"जाते गं. नाव सांग पटकन."

संजीवनीने दोन्ही पत्रकांकडे पाहिले. सारंग हळूच म्हणाला, "निवडून येईल त्याला तरी दे. मत वाया नको घालवूस." बाबूराव काहीच बोलले नाहीत. मतदाराशी केंद्रावर बोलायचे नाही, ही त्यांची अकरा निवडणुकांची सवय होती.

एकोणीस सेकंद गेले. मी मोजले.

"ती नदीवाली," संजीवनी म्हणाली. "पत्रकात नदीच्या पाण्याच्या चाचण्या दिलेली. यादीत खालून दुसरी."

"तिला? तिला कोण ओळखतं?"

"तिने स्वतःच्या फसलेल्या चाचण्याही छापल्यात, अनघा. इतक्या उमेदवारांत एकीने."

"बरं बाई. फोन बंद करते, आत चालत नाही." अनघाच्या बॅगेची चाके फुटपाथवर खडखडू लागली आणि फोन कटला.

मग फक्त वाट पाहणे उरले. एकताचा भात गार झाला. बाबूराव येरझाऱ्या घालत म्हणाले, "एकच बाई दोनदा आत येणार. मी असतो तर अडवलीच असती." संजीवनी म्हणाली, "बाबा, नका ना." येरझाऱ्या मात्र थांबल्या नाहीत. सारंगने लॅपटॉप मिटला. सतरा मिनिटे आणि चाळीस सेकंदांनी फोन वाजला.

"दिलं!" अनघाला धाप लागली होती. "त्या अधिकारी बाई म्हणतात, तू मघाशीच येऊन गेलीस ना? म्हटलं, मघाशी मी होते, आता मी संजीवनी आहे. यादी दोनदा तपासली आणि दिला कागद. बस गेली माझी. पुढची पकडते. आणि ऐक, भिंतीवर तुझ्या घड्याळाचा गोल पांढरा डाग अजून तसाच आहे."

सगळे हसले. माझ्यावर तेव्हा सात वाजायला तीन मिनिटे कमी होती, म्हणजे खरे तर आठला तीन. मी हसू शकत नाही. पण तो डाग माझा आहे, आणि कितीही लाल आकडे आले तरी तो पुसला गेलेला नाही, हे ऐकून माझा काटा जरा ताठ झाला असेल तर मला दोष देऊ नका.

सारंगने स्टूल ओढले. "काढू का हे?"

"हात लावू नको," बाबूराव म्हणाले. "मतदान सुरू करायच्या आधी मी दर वेळी रेडिओच्या वेळेशी घड्याळ लावून घ्यायचो. दर वेळी. इथे चार महिने याच्यासमोर बसून चहा पितोय आणि एकदा तपासलं नाही. मग भंगार कोण?" ते स्वतः स्टुलावर चढले. मला उतरवले, कापडाने पुसले आणि एक तास पुढे केले. तीन वर्षांनी मी उन्हाळ्यात आले. नंतर माझ्या पाठीवर त्यांनी मास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहिले: मार्चचा शेवटचा रविवार, पुढे. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, मागे.

निकाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून पाहिला. सारंगने सांगितलेला उमेदवारच निवडून आला. फरक मात्र नऊ हजारांचा नव्हता, चार हजारांचा होता. तो आकडा त्याने पडद्यावर घाईघाईने खाली सरकवला. नदीवाली शेवटून दुसरी आली. तिला सहाशे बारा मते पडली होती.

"सहाशे बारा!" सारंग म्हणाला. "बघ, मी सांगितलं नव्हतं?"

एकताने पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवले. "ममा नसती तर सिक्स-इलेव्हन, ला. मग हा नंबर राँग झाला असता."

सारंगने तो आकडा पुन्हा एकदा वाचला.

मित्रांनो, मी निवाडा तुमच्यावर सोडला होता. पण आता वाटते, मला तो नकोच. मी सेकंद मोजते. मते मोजणारे वेगळे असतात, पण एक जरी सुटले तरी बेरीज चुकते, हे आम्हा दोघांनाही माहीत असते. तुमच्या घरात माझ्यासारखे जुने काही भिंतीवर असेल, तर ते चुकते म्हणून उतरवण्याआधी स्वतःला विचारा की तुम्ही त्याच्यापर्यंत शेवटचे कधी पोचला होतात. मी कुणाची मनधरणी करत नाही. मार्चचा शेवटचा रविवार आला की स्टूल घ्या आणि वर या. मी इथेच आहे, आणि चालूच आहे.