मागच्या आडव्या सीटा

गाडी कोणती घ्यायची, या प्रश्नात आमच्या घराचा दोन हजार तीन सालचा अख्खा उन्हाळा गेला आणि त्या उन्हाळ्यात मला एकानंही काही विचारलं नाही. मी मोहिनी, मखमलाबादच्या एका बागाईतदार घरातली धाकटी सून. जिल्हा परिषदेच्या शाळेत चाळीस पोरांना पाढे शिकवते. पोरांच्या वह्यांत लाल शाईनं बरोबर-चूक करायचा मला अधिकार होता, गाडीच्या बाबतीत नव्हता. गाडी हे पुरुषांचं खातं. आम्ही फक्त तिला ओवाळायचं.

घरची जुनी जीप आता थकली होती. तिच्या जागी माणसं नेणारी मोठी गाडी घ्यायची, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. पुढं फाटे फुटायचे. माझे थोरले दीर हिरामणभाऊजी म्हणायचे, वापरलेली घेऊ, दोन-तीन वर्षं झालेली, पण रुबाबदार. माझा नवरा राजू म्हणायचा, नवी घेऊ, जरा लहान असली तरी चालेल. मामंजी, म्हणजे माझे सासरे बहिरूनाना, दोघांचं ऐकून घ्यायचे आणि तंबाखू मळत म्हणायचे, बघू. रोज संध्याकाळी ओट्यावर सभा भरायची. कोणी सुमोचं नाव काढायचा, कोणी क्वालिसचं, आणि स्कॉर्पिओ आपल्या नाशकातच बनते तर ती का नको म्हणून शेजारचा कोणीतरी तावातावानं भांडायचा. स्वतःला सायकलही घ्यायची नसताना.

गाडी तपासायची यांची रीत मी रोज बघत होते. बॉनेट उघडायचं आणि सगळ्यांनी आत डोकवायचं. ज्याला काही कळत नाही त्यानं जास्त वेळ डोकवायचं. मग टायरला लाथ मारायची, हॉर्न वाजवायचा, नंबरची बेरीज नऊ येते का बघायची आणि गंगापूर रोडला एक चक्कर टाकायची. हे तिघं आणि एखादा शेजारी जायचे आणि चौघंही पुढच्या दोन रांगांत बसायचे. मागचं दार उघडून आत बसून बघावं, असं एकालाही सुचलं नाही. सुचणार कसं? तिथं ते कधी बसणारच नव्हते.

तिथं आम्ही बसायचो. ड्रायव्हरशेजारी मामंजी, मधल्या रांगेत भाऊजी आणि पाहुणे मंडळी, आणि बायका-पोरांनी मागच्या दारानं चढायचं. मागं समोरासमोर दोन आडवे बाक. गुडघ्याला गुडघा, मध्ये पिशव्या, पायाखाली जॅक नाहीतर तेलाचा डबा. गाडी पुढं जाते आणि आपण बाजूला तोंड करून बसतो. ब्रेक लागला की शेजारणीच्या अंगावर, वळण आलं की समोरचीच्या मांडीवर. खिडकी उघडत नाही. पुढून मामंजी विचारायचे, मागं बरंय ना? आम्ही म्हणायचो, बरंय. हा आमचा गाढवपणा, तो मी कबूल करते.

आता माझ्या सासूबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तिची आहे. यशोदाबाई तिचं नाव, आम्ही सुना तिला आत्याबाई म्हणतो. तिचं माहेर अभोण्याला, वणीच्या पलीकडं. त्या उन्हाळ्याच्या पाच वर्षं आधी तिचा भाऊ काळूमामा अचानक गेला, तेव्हा आम्ही जीपनं निघालो. आत्याबाई मागं, अर्थातच. दिंडोरीपर्यंत गप्प होती, वणीच्या पुढं घाट लागला आणि तिला उलट्या सुरू झाल्या. अभोण्याला पोचलो तेव्हा तिला उभं राहता येईना. शेजारच्या पडवीत ओला पदर कपाळावर ठेवून तिला निजवलं. तिनं डोळे उघडले तोवर भावाला नेलं होतं. तिनं त्याचं तोंड बघितलं नाही.

तेव्हापासून घरात एक वाक्य ठरून गेलं, बाईला गाडी लागते. लग्न असो, बारसं असो, तिला घरी ठेवायचं आणि पाहुण्यांना हेच वाक्य सांगायचं. आदल्या दिवाळीत तिची धाकटी बहीण बयाबाई, अभोण्यातच दिलेली, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली. आत्याबाईनं जायचा विषय काढला. मामंजी म्हणाले, तुला सोसणार नाही, आम्ही जाऊन येतो. ते गेले, चहा पिऊन आले आणि बया बरी आहे म्हणाले. बया बरी नव्हती. मे महिन्यात निरोप आला की आता ती फारसं खात नाही.

मी म्हटलं, मी त्यांना एसटीनं नेते. भाऊजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. दारात जीप उभी असताना आई एसटीत चढली तर गावात नाक कापलं जाईल, असं त्यांचं म्हणणं. गावाच्या नाकाची एवढी काळजी, आणि आईच्या जिवाची कोणाला नाही. मला असा राग आला की मी त्या दिवशी भाकरी करपवली आणि तीच सगळ्यांना वाढली.

पण एसटीचं नाव निघालं आणि मला आठवलं. आदल्या वर्षी नणंदेच्या मुलीच्या लग्नाची पैठणी घ्यायला मी आणि आत्याबाई येवल्याला एसटीनंच गेलो होतो. जीप तेव्हा गॅरेजला होती. जाताना आणि येताना बाई खिडकीशी बसून शेंगा खात होती. एक उलटी नाही की मळमळ नाही. मी राजूला हे सांगितलं तर तो म्हणाला, येवल्याला घाट कुठंय? मुद्दा बरोबर होता, पण माझं समाधान झालं नाही. वर्गातली हुशार पोरगीसुद्धा बाकावर आडवी बसवली तर फळ्यावरचं चुकीचं वाचते.

जूनच्या पहिल्या रविवारी गाडी ठरायची होती. मल्हारी नावाचा दलाल एक पांढरी, कोणा सभापतीची वापरलेली मोठी गाडी घेऊन येणार होता. काळ्या काचा, पुढं लोखंडी गार्ड, नंबरची बेरीज नऊ. भाऊजी तिच्यावर लट्टू झाले होते. आमच्याकडची पद्धत अशी की गाडी वणीच्या देवीच्या गडाचा घाट चढली आणि देवीला दाखवून आणली की मगच इसार द्यायचा. म्हणजे सगळं घर गडावर जाणार आणि आत्याबाई घरी राहणार.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. मी म्हटलं, आत्याबाई, मला वाटतं तुम्हाला गाडी लागत नाही, तुम्हाला आडवं बसवतात म्हणून हे होतं.

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "मला ठाऊक हाय."

"मग बोलला का नाही इतकी वर्षं?"

"इचारलं कोणी?" ती म्हणाली. मग मेथीची दुसरी जुडी सोडत म्हणाली, "भावाच्या टायमाला गप बसले ते लय चुकलं माझं. बयाच्या टायमाला नाय बसायची."

रविवारी सकाळी मल्हारी गाडी घेऊन आला. मी आणि माझी जाऊ मैनाबाई ओवाळायचं तबक घेऊन अंगणात उभ्या. पुरुषांनी बॉनेट उघडून आपलं डोकवणं सुरू केलं. तेवढ्यात आत्याबाई घरातून बाहेर आली. इरकली लुगडं नेसलेली, हातात कापडी पिशवी. कोणाकडं न बघता ती गाडीला वळसा घालून गेली, पुढचं डावं दार उघडलं, दोन्ही हातांनी धरून वर चढली आणि ड्रायव्हरशेजारी बसून तिनं दार ओढून घेतलं.

बॉनेटमधली डोकी बाहेर आली. मामंजी जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, अगं, तू कुठं, तुला सोसायचं नाही. ती काचेतून समोर बघत राहिली. भाऊजी म्हणाले, आई, ती नानांची जागा आहे. तरी ती हलली नाही. कुंपणापलीकडं शेजारची दोन माणसं उभी होती आणि मल्हारी तर समोरच होता. परक्या माणसासमोर बायकोला दंडाला धरून उतरवणं मामंजींना जमण्यासारखं नव्हतं. तसे ते वाईट नाहीत. त्यांना फक्त सवय झाली होती.

"मी हितंच बसणार हाय," आत्याबाई म्हणाली. "ज्याला यायचं त्यानं यावं, नायतर राजू मला एकटीला नेईल."

मी लगेच मैनाबाईंना खूण केली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच आम्ही दोघी आणि घरातली तिन्ही पोरं मधल्या रांगेत जाऊन बसलो. इतकी मऊ सीट, पाय लांब करता येतील अशी. मी पायही लांब केले. राजू ड्रायव्हरच्या जागेवर बसला, आरशातून माझ्याकडं बघून हसला, आणि त्या हसण्यासाठी मी त्याच्या बऱ्याच गोष्टी माफ केल्या. राहिले मामंजी, हिरामणभाऊजी आणि मल्हारी. मल्हारीनं मुकाट्यानं मागचं दार उघडलं.

दिंडोरीपर्यंत भाऊजी मागून इंजिनाचं कौतुक करत होते. पिकअप बघ, गिअर किती हलका. दिंडोरी सुटली तसं कौतुक कमी झालं. वणीच्या अलीकडं त्यांनी विचारलं, काच उघडत नाही का? मल्हारी म्हणाला, मागची काच फिक्स असते, शेठ. मी पुढून विचारलं, मागं बरंय ना भाऊजी? खोटं कशाला सांगू, हे विचारताना मला फार बरं वाटलं. 

वणीच्या पुढच्या घाटात तिसऱ्या वळणाला भाऊजींनी थांब, थांब म्हणून पत्रा बडवला. राजूनं गाडी कडेला घेतली. ते उतरले आणि दगडावर हात टेकून ओकले. मामंजी दारातच बसून राहिले, चेहरा पांढराफटक, घामानं टोपी भिजलेली. मल्हारीला सवय असावी, तो बिडी ओढत लांब उभा राहिला.

आत्याबाई उतरली. घाट अर्धा चढून झाला होता आणि तिला काहीही झालं नव्हतं. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, लेकाच्या तोंडावर पाणी मारलं, त्याची पाठ चोळली. मग नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं आता ती हसेल. ती हसली नाही.

"तुम्हाला गाडी लागते," ती म्हणाली. "इथून पुढं तुम्ही घरी राहत जावा. मी जाऊन येत जाईन, निरोप सांगत जाईन."

 मामंजींनी टोपी काढून तोंड पुसलं आणि बराच वेळ त्या आडव्या बाकाकडं बघितलं, जणू तो बाक आजच कोणी आणून बसवला होता. मग त्यांनी राजूला विचारलं, "तू म्हणतो त्या नव्या गाडीत मागल्या सीटा कशा हायत?"

"पुढं तोंड करून आहेत, नाना."

"मंग तीच बघ," मामंजी म्हणाले. मल्हारीनं बिडी टाकली आणि सभापतींच्या गाडीला पण सीट बदलून मिळतात असं काहीसं तो सांगू लागला, पण भाऊजींनी त्याला हातानंच थांबवलं.

नांदुरीला आलो. तिथून एक रस्ता गडावर चढतो आणि दुसरा अभोण्याला जातो. राजूनं गडाकडं इंडिकेटर दिला. आत्याबाईनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"देवी कुठं जात नाय," ती म्हणाली. "बया जाईल."

मल्हारी मागून म्हणाला की गाडी फक्त गडापर्यंत ठरली होती, मालकाला काय सांगू. मामंजींनी त्याला गप्प बसायला सांगितलं. राजूनं इंडिकेटर बंद केला आणि गाडी अभोण्याच्या रस्त्याला लावली. मामंजी मागंच होते, मी वळून माझी जागा त्यांना देऊ केली. ते नको म्हणाले. पोचेपर्यंत ते मागच्या दांडीला धरून आडवे बसून आले.

बयाबाई ओसरीवर खाटेवर होती. उजवी बाजू गेलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, अंगाची काडी झालेली. आत्याबाई उंबऱ्याजवळ थबकली आणि मग तडक जाऊन खाटेवर बसली. बयानं ओळखलं. चांगल्या राहिलेल्या डाव्या हातानं तिनं बहिणीच्या दंडावर चापटी मारली, एक, दोन, तीन, जोर नव्हता पण राग खरा होता. तिचे शब्द नीट फुटत नव्हते, तरी आम्हा सगळ्यांना कळले.

"का नाय आली गं? इतकी... का नाय आली?"

आम्ही सगळे दारात उभे होतो. या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात पाच वर्षं पाठ झालेलं होतं आणि मामंजींनी ते द्यायला तोंड उघडलंही. आत्याबाईनं वळून त्यांच्याकडं बघितलं. मग बहिणीकडं तोंड केलं.

"मला मागं बसवायचे, बया," ती म्हणाली, आणि बहिणीचा तो मेलेला उजवा हात तिनं आपल्या मांडीवर ओढून घेतला.