नदीपलीकडची जमीन

गुडघ्यांवर बसून तिने यंत्राचे पाय एकेक करून फिरवले. वरच्या काचेतला बुडबुडा मधोमध आला, तसे अलगद हात काढून घेतले. पाळणाघरातली मुलं नुकतीच झोपली होती. तिची लेक ठकी भिंतीकडे तोंड करून, एक मोजा पायात आणि एक मुठीत, अशी पडली होती.

"आता अर्धा तास कुणी चालायचं नाही, काकू."

"माझी पोरं ऐकतील. हे तुझं यंत्राचं कार्टं ऐकतंय का बघ." पाळणाघराच्या काकू उंबऱ्यातच टेकल्या. "आणि काही वाईट निघालं तर आधी मला सांग. आयांच्या कानावर गेलं तर उद्या एक मूल यायचं नाही इथे."

"मीही आईच आहे की."

"म्हणूनच सांगतेय."

यंत्र जमिनीची बारीक थरथर टिपत राहिलं. खाली भुसभुशीत माती असली की आलेखावर सुळका उभा राहतो. भूकंपात तिथलीच घरं जास्त हलतात. कातळ असला की रेघ सपाट जाते. शहरभर अशी मोजणी करून धोक्याचा नकाशा करायचा होता आणि सरकारी निधी संपत आला होता. पुढच्या निधीसाठी गुरुवारी समिती बसणार होती. याचा लोकांना उपयोग काय, एवढंच समितीने विचारलं होतं. उत्तरादाखल एक पाळणाघर मोजू, असं प्रयोगशाळेतल्या सरांनी ठरवलं. ठकीचं पाळणाघर तिनेच सुचवलं. तिथे परवानगीची कटकट नाही, म्हणाली. दुसरं कारण तिने सांगितलं नाही आणि सरांनी विचारलं नाही.

दुपारी प्रयोगशाळेच्या पडद्यावर रेघ उमटली. सपाट. तिने पुन्हा सगळं तपासलं. सपाटच. स्वच्छ असलेला चष्मा तिने ओढणीने पुसला आणि काकूंना कळवलं, काळजी नको.

सर मागे येऊन उभे राहिले.

"कातळ," ती म्हणाली.

"छान झालं." ते खुर्ची ओढून बसले. "समितीपुढे डोकं आपटायला बरा."

ती हसली. ते हसले नाहीत.

"खोटं काही दाखवायचं नाहीये मला. पण ही रेघ बघून म्हणतील, सगळं ठीक आहे, मग मोजता कशाला? अर्धं शहर तसंच राहील."

ते खरंच होतं. तिने पडद्यावर शहराचा नकाशा उघडला.

"नदीपलीकडे बघू या. सगळी वस्ती गाळावर आहे. तिथे सुळका येणारच."

"पाळणाघर आहे तिथे?"

"असेल की."

सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज मोकळा लागला होता. नंबर तिनेच शोधला, फोनही तिनेच लावला. पलीकडे एक बाई बोलत होत्या आणि त्यांच्या मागे मुलांचा कलकलाट चालला होता.

"पाळणाघराबद्दल जरा विचारायचं होतं."

"विचारा ना, ताई. एकच जागा आहे, अजून कुणाला बोलले नाहीये. बाळ केवढं तुमचं?"

सर टेबलावर बोटं वाजवत वाट बघत होते.

"अडीच वर्षांची आहे," ती म्हणाली.

"मग उद्या घेऊनच या तिला. आईने स्वतः जागा बघितल्याशिवाय मी मूल ठेवून घेत नाही."